रस्त्यावरच्या चुका

सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी वॉकीटॉकी बोलला. "दुसऱ्या चढाच्या माथ्यावर तीन पंक्चर." मी म्हटलं, मेकॅनिक पाठवते. माझं वाक्य संपेपर्यंत तिनाचे नऊ झाले होते, आणि मी गाडीत बसले तेव्हा माथ्यावरच्या मार्शलने मोजणं सोडून दिलं होतं.

सायकलिंगच्या मोठ्या कार्यक्रमांसाठी रस्ता पूर्ण बंद ठेवावा लागतो. त्या मार्गाची सुरक्षा पाहणं हे माझं काम. पंक्चर एकाच जागी आणि बहुतेक मागच्या चाकाला होऊ लागली, की आम्हाला वेगळं काही सांगावं लागत नाही. रस्त्यावर पडलेली चूक, म्हणजे छोटा खिळा, पुढच्या चाकाखाली उलटते, उभी होते, आणि मागचं चाक ती अंगावर घेतं. माथ्यावर पोहोचले तर कडेला तीस-चाळीस जण सायकली उलट्या करून बसलेले. गालिचा ठोकायला वापरतात तशा रुंद डोक्याच्या, बोटाच्या पेराएवढ्या चुका दोनशे पावलांपर्यंत पसरल्या होत्या. काही जण घाईने नवी ट्यूब घालत होते आणि पुन्हा पंक्चर होत होते, कारण टायरमध्ये रुतलेली चूक त्यांनी बाहेर काढलीच नव्हती. आमचा मेकॅनिक ओरडून सांगत होता, "आधी टायरच्या आतून बोट फिरवा! हळू!"

आणि समोर उतार होता. चढावर पंक्चर झालं तर माणूस चिडतो. उतारावर पुढचं चाक गेलं, तर हँडल हातात राहत नाही. टाकणाऱ्याने जागा विचार करून निवडली होती की नाही, कोण जाणे. पण पहिल्या वळणावर एक जण पडला होता. कोपर सोललेलं, खांदा हाताने घट्ट धरलेला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, गळपट्टीचं हाड.

मला २०१२ सालची टूर दे फ्रान्स आठवली. आमच्या प्रशिक्षणात ती शिकवतातच. मूर द पेगेर या चढाच्या माथ्याजवळ अशाच चुका टाकल्या होत्या, तीसेक पंक्चर झाली, आणि रॉबर्ट किशेर्लोव्स्की या सायकलपटूला गळपट्टीचं हाड मोडून शर्यत सोडावी लागली. आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी घातलेल्या ब्रॅडली विगिन्सने तेव्हा मुख्य घोळक्याचा वेग उतरवला, मागे पडलेल्यांना गाठू दिलं. त्याच्या तीन वर्षं आधी स्कॉटलंडमध्ये, एताप कॅलेडोनिया या सायकल कार्यक्रमाच्या बंद रस्त्यावर, शेकडो हौशी सायकलस्वारांची चाकं फुटली आणि सगळ्यांना तासाहून जास्त वेळ थांबवून ठेवावं लागलं. तिथे कुणी विगिन्स नव्हता. माझ्यापुढेही व्यावसायिक घोळका नव्हता. बँकेत, शाळेत काम करणारी, वर्षभर पहाटे उठून तयारी केलेली माणसं होती.

मी संपूर्ण मार्ग थांबवला. दोन मिनिटांत, एका वाक्यात. मग झाडू, दांड्याला बांधलेले लोहचुंबक, आणि गुडघ्यावर बसून हाताने वेचणं.

एक तरुण मार्शल म्हणाला, "त्या बैठकीतल्या माणसाचंच काम हे." कोण ते मला लगेच कळलं. महिनाभर आधी मार्ग समजावून सांगायला घेतलेल्या बैठकीत तो उठून उभा राहिला होता. "रस्ता बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या आईला सकाळी उठवायला, आंघोळ घालायला बाई येते. ती कुठून येणार?" मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं की रुग्णवाहिकेला आम्ही केव्हाही वाट देतो. तो म्हणाला होता, "आई आजारी नाही. म्हातारी आहे." मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते.

आता तो खालच्या चौकातल्या बॅरिकेडपाशी उभा होता. शेजारी एक छोटी गाडी, आत ती बाई. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पावणेआठला याच चौकातून स्वयंसेवकाने मला विचारलं होतं, "एका घरी मदतीला जाणाऱ्या बाई आहेत, सोडू का?" मी उत्तर दिलं होतं, "रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस. बाकी कुणी नाही." तेव्हा सायकलींमध्ये मोठी मोकळी जागा होती. गाडी पलीकडे जायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी त्याला विचारलं नाही की चुका तुम्ही टाकल्या का. त्याने आपणहून सांगितलं, "ते वर जे झालं ते मी केलेलं नाही. पडला त्याचं कसं आहे?" मी सांगितलं. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आई अजून तशीच पडून आहे. ओली."

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. बॅरिकेड मी स्वतः सरकवलं. गाडी गेली तेव्हा ८ वाजून ३५ मिनिटं झाली होती.

चुका कुणी टाकल्या ते कळलं नाही. ज्याने टाकल्या त्याची कसलीही तक्रार असो, त्याच्याबद्दल माझ्या मनात माया नाही. वळणावर पडलेल्या त्या माणसाच्या खांद्याचा रस्ता बंद करण्याशी काय संबंध होता? पण त्या दिवशीच्या अहवालात मी पावणेआठचं माझं उत्तरही शब्दशः लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, याची गरज नव्हती. मी ते काढलं नाही.

पुढच्या आराखड्यात सात चौकांना ठरलेल्या वेळी गाड्या सोडणारा मार्शल दिला. वेळा ठरवायला घरोघर गेले. त्या घरात आई खिडकीपाशी बसल्या होत्या. बाई किती वाजता यायला हव्यात, असं मी मुलाला विचारलं, तर उत्तर त्यांनीच दिलं.

"साडेसात. आणि मलाच विचारत जा."