नमुना १७: कुक्षी नाहीत, पण फळ आहे!

हिंगणा रोडच्या नाल्याकाठचा पिवळसर गुच्छ अखेर बोलला. मी त्याला सायपेरस इरिया (लव्हाळ्याची एक जात) ठरवून मोकळा झालो होतो, ते चुकलं.

जुंकस (लव्हाळ्यासारखीच दिसणारी, पण वेगळ्या कुळातली वनस्पती) असेल का, असं काहींनी विचारलं होतं. तो नाही. जुंकसच्या फुलाला सहा परिदलं (पाकळ्यांसारखे भाग) आणि पुष्कळ बियांचं बोंड असतं. इथे कणिशकात (फुलांच्या इवल्याशा कणसात) तुसांच्या, म्हणजे फुलांआडच्या खवल्यांच्या, दोन रांगा आणि एकेका तुसाआड एकच फळ आहे, म्हणजे हे लव्हाळ्याच्याच कुळातलं.

घोडं अडलं होतं कुक्षींपाशी, म्हणजे फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकांपाशी. इरियाला तीन हव्यात, पायक्रियस या लव्हाळ्यांच्या दुसऱ्या गटाला दोन. माझ्या वाळक्या नमुन्यात एकही शिल्लक नव्हती. मग फळाकडे वळलो. गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून कणिशक दहा मिनिटं भिजवलं, सुईने तूस उघडलं. इरियाचं फळ तिधारी असतं. हे दोन्ही बाजूंनी दबलेलं, मसुरीसारखं. म्हणजे कुक्षी दोनच असणार!

पण तेवढ्याने भागत नाही. पायक्रियसमध्ये फळाची धार कणिशकाच्या मधल्या दांडीकडे असते, जंकेलस या दोन कुक्षींच्याच दुसऱ्या गटात चपटी बाजू. (जंकेलस आणि जुंकस यांचा काही संबंध नाही.) सुई लागली की फळ निसटून उलटायचं. चार फळं अशीच गेली. पाचव्या वेळी तूस उघडलंच नाही. अख्खं कणिशक ब्लेडने आडवं कापलं. फळ जागच्या जागी राहिलं आणि धार स्पष्ट दांडीकडे, म्हणजे पायक्रियसच! रात्री साडेअकराला घरच्यांना उठवून दाखवलं.

साठपट म्हणून विकतात ती दिव्याची भिंगं घेऊ नका. फोकस टिकत नाही, हात हलला की सगळं गेलं. माझं वीसपटीचं साधं भिंग पुरलं.

त्यातली पायक्रियस पुमिलस ही जात बाद, कारण त्याच्या तुसाला बाहेर वळलेलं टोक असतं आणि माझी तुसं बोथट आहेत. हल्ली पायक्रियसला सायपेरसमध्येच धरतात, पण ओळखताना हा गट वेगळा ठेवलेला मला सोयीचा वाटतो.

रविवारी रामटेककडच्या बांध्यांमध्ये जायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं: कणिशकात खालची फुलं आधी पिकतात, टोकाची मागून उमलतात. ताज्या गुच्छात खाली फळ आणि वर कुक्षी, दोन्ही एकत्र मिळतील. तेव्हा रामटेक पुढच्या आठवड्यात, रविवारी पुन्हा नाल्यावरच. या वेळी मुळासकट उपटून आणतो, आणि फाइलमधले सायपेरस डिफॉर्मिस या आणखी एका लव्हाळ्याचे कागदावर चिकटवलेले दोन नमुनेही ब्लेडखाली घालतो.