कौसानीच्या थंडीत, पंतांच्या घरी

इंदूरच्या मराठी घरांत कविता दोन्हीकडून कानावर पडते. घरी आजोबा भा. रा. तांब्यांच्या कविता म्हणायचे, शाळेत हिंदीच्या पुस्तकात पंत, निराला, महादेवी. त्यातले सुमित्रानंदन पंत म्हणजे ‘प्रकृतीचे सुकुमार कवी’, हे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलं की त्यांचा आमचा संबंध संपायचा. रामबागेतल्या आमच्या वाचनगटाने मध्यंतरी पंत पुन्हा वाचायला घेतले आणि त्यातूनच त्यांच्या जन्मगावी, उत्तराखंडातल्या कौसानीला जायचं निघालं. तेही जानेवारीत. घरोघरी विरोध झाला, पण आता जाऊन आल्यावर ठामपणे सांगते: पंतांसाठी जायचं असेल तर थंडीतच जा. मे-जूनमध्ये डोंगरांवर धुरकट पडदा असतो, वणव्यांचा धूर वेगळाच. कौसानीला राहूनही हिमालय न बघता परतलेली माणसं मला माहीत आहेत.

इंदूरहून दिल्ली, आणि जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस. ती पहाटे काठगोदामला सोडते. तिथून कौसानी दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी पाच-सहा तास धराच. सगळा घाटरस्ता. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी आणि पोटात थोडंच असावं. अल्मोड्यापर्यंत शेअर जीप मिळतात, पुढेही मिळतात, पण दुपारनंतर कमी होत जातात. चौघं-पाच जण असाल तर काठगोदामहून थेट टॅक्सी ठरवा. चालकाला आधीच सांगून ठेवा, अंधार पडायच्या आत पोचायचंय. सावलीतल्या वळणांवर सकाळी उशिरापर्यंत पाळा, म्हणजे गोठलेलं दव असतं आणि चाकं घसरतात.

अल्मोड्याला फक्त जेवायला थांबू नका. गुसाईंदत्त नावाचा मुलगा इथे शाळेत शिकायला आला आणि इथेच त्याने स्वतःचं नाव बदलून सुमित्रानंदन ठेवलं. पुढे 1918 मध्ये तो काशीला गेला आणि मग अलाहाबादला म्योर कॉलेजात. 1921 मध्ये गांधीजींच्या हाकेसरशी कॉलेज सोडलं ते कायमचं. बाजाराच्या फरसबंद गल्लीतून चालत जा, बाल मिठाई घ्या. खव्याची तपकिरी वडी, वर साखरेचे पांढरे दाणे. इंदूरकरांना गोडाचं कौतुक सांगायला नको, पण ही खरंच वेगळी आहे.

कोसी नदीच्या काठाने सोमेश्वरचं खोरं ओलांडलं की रस्ता चढतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटरवर कौसानी येतं. गाव छोटंसं. बसथांब्यापासून थोडं चाललं की पंतांचं घर लागतं. आता तिथे सरकारी संग्रहालय आहे, ‘सुमित्रानंदन पंत वीथिका’. थंडीत वेळा बदलू शकतात आणि साप्ताहिक सुट्टीही असते, म्हणून पोचल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. हस्तलिखितं, पत्रं, फोटो, वापरातल्या वस्तू असं सगळं काचेआड मांडलंय. घाईत दहा मिनिटांत बघून होईल. आम्ही बराच वेळ बसलो.

20 मे 1900 ला पंत जन्मले आणि काही तासांतच त्यांची आई गेली. आजीने वाढवलं. वडील इथल्या चहाच्या मळ्याचे व्यवस्थापक. आमच्या गटातल्या काकू, स्वतः लहानपणी आई गमावलेल्या, हे ऐकून म्हणाल्या, “अगं, मग या पोराने बघायचं तरी कुणाकडे? समोर तो डोंगरच.” पंतांनी स्वतः लिहून ठेवलंय की कवितेची पहिली प्रेरणा त्यांना निसर्ग बघण्यातून मिळाली आणि त्याचं श्रेय जन्मभूमीला, म्हणजे कूर्माचलाला (कुमाऊंला) आहे. पुस्तकात ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण त्या गार जमिनीवर काकूंच्या शेजारी बसून पहिल्यांदा पटलं. ‘सुकुमार’ या शिक्क्याखाली केवढा एकटेपणा झाकला गेलाय!

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठा, कितीही जिवावर आलं तरी. अनासक्ती आश्रमाच्या अंगणातून समोर त्रिशूल (7,120 मीटर) आणि उजवीकडे मागे नंदादेवी (7,816 मीटर) दिसतात. आधी नुसती राखाडी रेघ असते. मग टोकांवर गुलाबी ठिपके उमटतात, ते खाली उतरत केशरी होतात आणि नीट बघेपर्यंत सगळं पांढरंशुभ्र झालेलं असतं. डोंगराचा वेश क्षणोक्षणी बदलतो हे पंतांनी पावसाळ्याबद्दल लिहिलंय, पण थंडीतल्या पहाटेलाही ते शब्दशः लागू पडतं. याच आश्रमाच्या जागी 1929 मध्ये गांधीजी राहिले होते आणि ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहिली. आश्रमात राहायची सोय आहे, साधी आणि शिस्तीची.

कपड्यांचं सांगते. एकच जाड कोट नेण्यापेक्षा थरांवर थर घाला. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे दोन मोजे हवेतच. खोली घेताना गीझर चालतो का आणि रजया किती मिळतील, हे दोन्ही विचारा. वीज जाते, म्हणून टॉर्च जवळ ठेवा. जेवणात मंडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि गहतची डाळ मागा. गहत म्हणजे आपले कुळीथ. थंडीत यासारखं अन्न नाही.

मात्र एक गोष्ट इथे येण्याआधी वाचून या. कौसानीत भेटतात ते ‘पल्लव’ या संग्रहाचे पंत, 1926 चे. त्यानंतरचा माणूस डोंगर सोडून मैदानी मुलखात उतरलेला आहे. गंगाकाठच्या कालाकांकरला त्यांनी अनेक वर्षं काढली, मार्क्स वाचला, गांधी वाचले आणि ‘ग्राम्या’मध्ये शेतकरी, मजूर, गावातल्या बायका आणल्या. 1950 पासून काही वर्षं आकाशवाणीत काम केलं. ‘कला और बूढ़ा चाँद’ला साहित्य अकादमी मिळाला आणि 1968 चं ज्ञानपीठ ‘चिदंबरा’ला. हिंदीला मिळालेलं ते पहिलंच ज्ञानपीठ, आणि त्या संग्रहातल्या कविता पल्लवच्या काळानंतरच्या आहेत. शाळेने आम्हाला अर्धेच पंत शिकवले, याची मला खरोखर हळहळ वाटते. 28 डिसेंबर 1977 ला ते गेले तेही अलाहाबादला, डोंगरांपासून लांब. पण आपल्या कुमाऊंनी बोलीत त्यांनी कविता लिहिली ती बुरांशाच्या फुलावर. ही लाल फुलं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या दिवसांत जा. तेव्हा थंडीही सोसवते, पण शिखरं दिसण्याचा भरवसा कमी.

हाताशी वेळ असेल तर बैजनाथची कत्यूरी राजांच्या काळातली देवळं बघा, वीस किलोमीटरच्या आत आहेत. परतताना मात्र रामगढजवळच्या उमागढला नक्की थांबा. महादेवी वर्मांचं ‘मीरा कुटीर’ तिथे आहे. महादेवींचं सुरुवातीचं शिक्षण आपल्या इंदूरच्या मिशन स्कूलमध्ये झालं. इंदूरहून गेलेल्यांनी या घरी न जाता काठगोदाम गाठू नये. भवालीहून टॅक्सी मिळते, आणि मुख्य रस्त्यापासून थोडं चालावं लागतं, म्हणून काकू-आजोबा बरोबर असतील तर काठी न्या.