तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मुलांना स्टेजवर बोलायला कसं शिकवता?’

गावातल्या बालसभेत पुढाकार घेणाऱ्या १३ ते १७ वयाच्या मुलामुलींची मी शिबिरं घेते, तेव्हा पालक हटकून हे विचारतात. खरं सांगू? स्टेजवर बोलणं मी शिकवतच नाही. ते शाळेनं आधीच शिकवलेलं असतं, जरा जास्तच. कुणालाही उभं करा, ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ सुरू. हात मागे, नजर छताला.

मी शिकवते ते ग्रामसभेत आपलं म्हणणं मांडणं. ग्रामसभा मतदारांची, म्हणजे अठरा वर्षांवरच्यांची. भारतानं १९९२ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं असं बारावं कलम आहे खरं, पण ठरावावर हात वर करायचा अधिकार मुलांना नाही. त्यांच्या हाती फक्त बोलणं. ‘मुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. ‘शाळेतल्या मुलींच्या संडासाला दिवाळीपासून आतून कडी नाही, ती १ मेच्या आत बसवा’ म्हटलं की भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, लिहून घ्यावंच लागतं. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर आवाज न चढवता लगेच विचारायचं, ‘कधी बघता?’ याच्या सरावात सरपंच मी होते, आणि जमेल तितकी खवट होते. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात, मग एखादी चिवट निघते.

पण निम्मा वेळ जातो ऐकण्यात. वक्तृत्वात नंबर काढणारा मुलगा कुणाला काही न विचारता सगळ्यांच्या वतीनं बोलायला तयार असतो. त्याला मी गटातल्या सगळ्यांत अबोल मुलीशेजारी बसवते: तिची अडचण ऐक आणि तिच्यासमोरच आम्हाला सांग. एकानं ठणकावून सांगितलं, ‘हिला एसटीची वेळ बदलून हवी.’ ती पुटपुटली, ‘वेळ बरीये. फाट्यावर दिवा नाही.’ पुन्हा बसा दोघं.

अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर सही-शिक्क्याची पोच घेणं अर्ध्या तासात जमतं.

अडतं ते घरी. गावासमोर बोललेल्या मुलीला ‘फार तोंड सुटलंय’ ऐकावं लागतं. म्हणून शेवटच्या दिवशी आयांना बोलावते. मी काही बोलत नाही, मुलीच कडीचा अर्ज वाचतात. मागून हमखास एखादी म्हणते, ‘त्यात अंगणवाडीच्या नळाचंही घाल गं.’