विहीणबाईंच्या विणकराचा माग

माझी लेक ओटावाजवळ राहते. तिच्या सासूबाई मूळच्या स्कॉटिश, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या. घराण्याबद्दल त्यांना ठाम माहिती एवढीच, की आडनाव मॅकनं सुरू होतं आणि त्या कुळाचं चौकडीचं कापड असतं, टार्टन. त्याचा मफलर त्यांनी मला भेट दिला. मी आधी उलटून पाहिला. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जन्मभर हिशेब लिहिले, कापड हातात आलं की मागची बाजू बघायची सवय जात नाही. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगांचा जो क्रम आणि जितके धागे, तेच आडव्या बाण्यात, म्हणून चौकडी चौरस बसलेली. वीण पक्की. पण कुळाचा पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नाही. दुकानात पैसे टाकले की कुणालाही मिळतं.

विहीणबाईंची समजूत अशी, की पूर्वजांना जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी डोंगरातून हाकललं. कॅनडातल्या बऱ्याच स्कॉटिश घरांना ही गोष्ट आपली वाटते, आणि पुष्कळांची ती खरीच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला सदरलँडमध्ये गावंच्या गावं रिकामी केली गेली. त्याच्याही आधी, १७७३ मध्ये, ‘हेक्टर’ जहाजातून हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरी भागातली माणसं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशियात पिक्टूला उतरली, वाटेत देवीनं आणि अतिसारानं लेकरं गेली. पण हे घराणं कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या लॅनार्क परगण्यातलं. तिथं स्कॉटलंडचे विणकर येऊन वसले होते, म्हणून मेंढ्यांपेक्षा मागाची शक्यता जास्त. मी म्हटलं, “तुम्ही थांबा, मी बघते.” जावईबापू हसले. त्यांना वाटलं, सासूबाईंना वेळ जात नाही.

रीत साधी आहे. हातातल्या कागदापासून मागं जायचं, उडी मारायची नाही. लोकांनी इंटरनेटवर चढवलेले वंशवृक्ष तर आधी बाजूला ठेवायचे. एकानं चूक केली की पन्नास जण तीच उतरवून घेतात. एका वृक्षात आई सात वर्षांची असताना मुलगा झालेला होता. आमच्या मालकांनी असं खातं पाहिलं असतं तर वही तोंडावर फेकली असती.

ओंटारियोत जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून सुरू झाली. त्यातल्या लग्नाच्या नोंदीत नवरानवरीच्या आईबापांची नावं असतात, म्हणून एका लग्नावरून वरची पिढी मिळते. त्याआधी चर्चच्या वह्या आणि जनगणना. १८५१ ची जनगणना प्रत्यक्षात १८५२ च्या जानेवारीत झाली आणि तिच्यात वय पुढच्या वाढदिवसाचं लिहिलेलं आहे, हे ठाऊक नसेल तर जन्मसालाचा हिशेब हमखास चुकतो. तिच्या एका पानावर मला या घराण्याचा म्हातारा सापडला. राहणार डलहौसी (हे लॅनार्कमधलंच), जन्म स्कॉटलंड, घर ओंडक्यांचं. धंद्याच्या रकान्यात ‘विणकर’. शंभर एकरांचा धनी, तीस वर्षं जंगल तोडलेलं, आणि विचारणाऱ्याला सांगतो, मी विणकर. मी खुर्चीतून उठून नवऱ्याला हाक मारली.

१८७१ च्या जनगणनेत नऊ तक्ते आहेत आणि त्यांतल्या एकात घरी विणलेलं कापड किती वार, असा रकाना. त्याच्या मुलाच्या नावापुढे त्यात आकडा आहे. मला तर पूर्ण जनगणनेत हाच रकाना सगळ्यांत आवडला. नातू पुढे अल्माँटच्या लोकरीच्या गिरणीत लागला. आजोबा हातमागावर, नातू गिरणीत. आमच्या साखर पेठेत दहा घरं विचारा, आठ घरांत हेच ऐकाल.

आता अडचण जहाजाची. कॅनडाच्या सरकारी दप्तरात येणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या १८६५ पासूनच्या. त्याआधी कोण कुठल्या जहाजातून उतरलं हे लिहून ठेवायची सक्तीच नव्हती, त्यामुळे बहुतेकांचा शोध समुद्रकिनारी येऊन थांबतो. आमचा थांबला नाही, कारण हा म्हातारा सरकारचा देणेकरी होता.

झालं होतं असं. नेपोलियनच्या लढाया संपल्या, मालाला उठाव राहिला नाही, सैन्यातून परतलेले लोक मागावर बसले, शिवाय यंत्रमाग आले. ग्लासगो, पेझ्लीकडच्या हातमागवाल्यांची मजुरी इतकी पडली, की दिवसभर धोटा मारून पोट भरेना. विणकरांनी मंडळ्या काढल्या आणि सरकारला अर्ज केले, आम्हाला कॅनडात पाठवा. १८२० च्या एप्रिलमध्ये संप आणि उठाव झाला. जेम्स विल्सन, अँड्र्यू हार्डी आणि जॉन बेअर्ड, तिघांना त्याच वर्षी फाशी झाली. तिघेही विणकामातले. फाशी आणि जहाज, दोन्ही एकाच वर्षी. हे वाचताना मला आपला सोलापूरचा हुतात्मा चौक आठवला नाही असं कसं होईल? १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघे. कारणं वेगळी, काळ वेगळा, पण कापडाच्या गावांना सरकार बिचकून असतं एवढं खरं.

१८२० आणि १८२१ या दोन वर्षांत या मंडळ्यांचे जवळपास ३,००० लोक स्कॉटलंडच्या ग्रीनॉक बंदरातून निघाले. क्वेबेक, तिथून बोटीनं माँट्रियल, मग होड्यांनी प्रेस्कॉट, पुढे बैलगाड्या. प्रत्येक कुटुंबाला शंभर एकर आणि माणशी थोडी उचल, दहा वर्षांत फेडायच्या बोलीवर. जमीन काय मिळाली? खडक. फेड होईना, आणि फेड झाल्याशिवाय जमिनीचा कागद नावावर होईना. शेवटी १८३६ मध्ये सरकारनं उचल माफ केली. पण तोवर कुणाला किती दिलं, घरात माणसं किती, सगळं लिहून झालं होतं. आमच्या कारखान्यातही ज्याच्या नावावर बाकी, त्याचं खातं सगळ्यांत चोख असे. रोखीवाल्याचा पत्ताही कुणाला ठाऊक नसायचा.

पुढचं काम स्कॉटलंडच्या जुन्या चर्च वह्यांत. तिथं सरकारी नोंदणी १८५५ पासून, त्याआधीच्या या वह्या आता ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर क्रेडिट विकत घेऊन बघता येतात. एकाच नावाचे तीन विणकर निघाले, तिघेही त्याच सुमारास जन्मलेले. यातून सोडवलं ते नावं ठेवण्याच्या चालीनं. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरलीला आईच्या आईचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात तसंच, फक्त इथं आजोळचाही नंबर ठरलेला. कॅनडातल्या मुलांची नावं ओळीनं मांडली आणि तिघांतला एकच बसला.

आणि बायका! स्कॉटलंडच्या कागदांत लग्न झालेली बाई माहेरच्या आडनावानं असते. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, पुढे थडग्याच्या दगडावरही. म्हणून त्या विणकराच्या बायकोच्या आईचंही नाव मला कळलं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणाला माहीत नाही. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, संपलं. याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

विहीणबाईंना सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मेंढ्यांची गोष्ट गेली म्हणून थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आणि आम्ही एकाच धंद्यातले की!” आणि लगेच, “आता तुमचं शोधा.”

आमचं कुठे शोधणार? आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात अजून तेलुगू. निजामाच्या राज्यातून आजोबांचे वडील पायी आले. इथं सोलापुरात १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी निघाली होती, हाताला काम होतं. त्यांनी कुणाची उचल घेतली नाही, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही. शेजारच्या लिंगायतांकडे हेळवी येतो, पोथीतून सात पिढ्या वाचून दाखवतो. आमच्यासाठी तेलंगणात कूनपुली असतात, चित्रांचा लांब पट उलगडून मार्कंडेयाची, भावनाऋषींची कथा सांगणारे. आमच्या घरी कुणी आल्याचं आईला आठवत नाही. हातात आहे तो वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गोत्र. लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा आत्याकडे आहे म्हणतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला सगळे नातेवाईक जमतात, तेव्हा म्हाताऱ्यांना एकेक करून बसवणार आहे. पहिला प्रश्न पणजीच्या माहेराचा.