जरा उजवीकडे, जरा डावीकडे

सोमवार, रात्री उशिरा

मैत्रीण लांबच्या प्रवासाहून परतली. फोनमध्ये फोटोंचा हा ढीग. बर्फाची शिखरं, निळीशार सरोवरं, ढगांत बुडालेल्या दऱ्या. "तू एकदा तिथे जायलाच हवंस गं, चित्रं काढायला किती आहे!" हे तिचं पालुपद. मी माना डोलवत राहिले. मनात मात्र येत होतं, तिथे जाऊन मी काढणार काय? जे फोटोत आहे तेच. पाहुण्यासमोर कुठलीही जागा बाहेरच्या खोलीतूनच बोलते.

घरी आल्यावर फ्रेंच चित्रकार सेझान आठवला. एक्स-आं-प्रोव्हान्स हे त्याचं जन्मगाव. पॅरिसला त्याचं येणंजाणं असे, पण मन रमलं ते गावाकडच्या साँत-व्हिक्त्वार डोंगरात. वीसहून जास्त वर्षं तो हा डोंगर काढत राहिला, कधी तैलरंगात, कधी जलरंगात. सप्टेंबर १९०६ मध्ये त्याने मुलाला एक पत्र लिहिलं. नदीकाठच्या एकाच जागी इतके विषय आहेत, की तिथून न हलता नुसतं जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुकलं तरी कित्येक महिने काम पुरेल, अशा अर्थाचं. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात बाहेर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला आणि काही दिवसांत गेला.

त्याचे शेवटचे डोंगर पाहिले तर घरं, झाडं, शेतं असं काही सुटं उरलेलंच नाही. रंगाचे तुकडे एकमेकांना टेकून उभे आहेत, आणि तरी डोंगर जागच्या जागी पक्का. पहिल्या भेटीत असं धाडस कुणाला होईल असं मला वाटत नाही. जी गोष्ट पाठ झाली आहे तीच इतकी मोडता येते.

मंगळवार

दिवसभर पाऊस. ब्रश धुतले, पॅलेटवरचा वाळलेला गाळ खरवडला. बाकी काही नाही.

बुधवार

ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर बसले. पावसाने हवा धुऊन निघाली होती, त्यामुळे मी नेहमी काढते तो डोंगर चक्क हाताशी आलेला. एरवी मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प प्रकाश विखरून टाकतं, म्हणून लांबचा कडा निळसर, फिकट दिसतो. खोली दाखवायला आम्ही सगळे त्याच निळाईवर भिस्त ठेवतो. आज ती गायब! मागचा कडा पुढच्या झाडीइतकाच ठसठशीत. मग अंतर दाखवायचं कशाने? आकारांच्या किनारींनी. पुढच्या किनारी धारदार ठेवल्या, मागच्या ओल्या रंगात विरघळू दिल्या.

हिरव्याचा घोळ वेगळाच. व्हिरिडियन हा तयार हिरवा ट्यूबमधून काढून सरळ लावला की डोंगर प्लास्टिकचा होतो. मी अल्ट्रामरीन निळ्यात मातकट पिवळा यलो ऑकर घालते आणि भडकपणा मारायला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, ब्रशच्या टोकावर मावेल इतकीच. पेपरची चकाकी गेलेली, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर अजून गार लागतोय, एवढ्या अवधीत दुसरा रंग टाकायचा. ब्रशमध्ये पाणी जास्त असलं की पहिला रंग मागे ढकलला जातो आणि कडेला दातेरी रेघ उमटते. आज अशी एक रेघ झाडीच्या शेंड्यांवरच उमटली. तिला हात लावला नाही, कारण तिथे तीच हवी होती.

गुरं चारणारे एक आजोबा मागे येऊन उभे राहिले.

"बाई, परवा पण हेच काढत होता ना?"

"हो."

"मग त्यात काय बिघडलं होतं?"

मला हसू आवरेना. तेही हसले. मग काठीने दाखवत म्हणाले, "त्या खडकाखाली पाणी मुरतं. तिथलं गवत सगळ्यांच्या आधी हिरवं होतं न् सगळ्यांच्या शेवटी वाळतं." मी नीट पाहिलं. खरंच तिथे हिरव्याचा एक गडद पट्टा होता, आणि माझ्या चित्रात तो नव्हता. ऊन-सावलीचा हिशोब करत बसणाऱ्या माझ्या डोळ्यांना तो दिसला नव्हता. ज्याची गुरं त्या गवतावर जगतात त्याला तो दिसणारच.

गुरुवार

आजोबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचंही असंच होतं. वडील गिरण्यांचे मालक, त्यामुळे लहानपण स्टाऊर नदीच्या काठी, पाणचक्क्यांच्या आसपास गेलेलं. १८२१ मध्ये त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात आवडीच्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात बांधावरून सुटणारं पाणी आहे, कुजक्या जुन्या फळ्या आहेत, बुळबुळीत खांब आहेत. आपल्या ओळखीच्या जागाच आपल्या हातून सर्वात चांगल्या उतरतात, असंही त्याच पत्रात म्हटलंय. बुळबुळीत खांब! देखाव्याच्या शोधात निघालेला माणूस ही यादी कधीच करणार नाही.

त्याच सुमाराला, १८२१-२२ मध्ये, तो लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे अभ्यास करत होता. तैलरंगात, तासाभरात उरकलेले, आणि बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून होता, हे टिपलेलं. चित्राच्या मागे हवामानाची नोंद ठेवायची ही रीत मला इतकी पटली की मीही उचलली. आता जुने पेपर उलटून पाहिले तर एकेक दिवस परत उभा राहतो. 'पश्चिमेचा वारा, चारनंतर ऊन तिरपं, पेपर झटक्यात सुकतोय.' समोरच्या बाजूला चित्र पडेल असतं कधी कधी, पण मागची ओळ उपयोगी पडते.

प्रेरणा वगैरे म्हणतात ती मला तरी अशीच भेटली आहे. वेळ, वारा, ओल यांच्या हिशोबातून. डोंगर पाहून भारावून गेले त्या दिवशीची चित्रं बहुधा कॅलेंडरवर छापण्यालायक निघाली.

शनिवार

आज सगळा गट मिळून ओढ्यावर. आम्ही चित्र काढणारे सगळे बसलो डोंगराकडे तोंड करून. कुंभारकाम करणारी आमची सखी मात्र खाली वाकून काठची माती उकरत होती. एक गोळा मळला, त्याची बारीक वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. तडा गेला नाही. "चिकट आहे गं, चाकावर उभी राहील," म्हणाली. लोह असलं तर भट्टीत भरपूर हवा मिळाल्यावर ही माती तांबडी होणार आणि हवा कोंडली तर काळपट. आम्ही निसर्ग कागदावर आणायच्या खटपटीत, आणि ही तो पिशवीत भरून नेते! थोडा हेवा वाटला.

मग बोलणं शिल्पकार रामकिंकर बैज यांच्यावर आलं. शांतिनिकेतनभोवतीची जमीन तांबडी, जांभ्याची, पावसाने कोरून काढलेली. १९३८ मध्ये त्यांनी तिथे 'संथाळ कुटुंब' उभं केलं ते ब्राँझमध्ये नाही की संगमरवरातही नाही. तिथल्याच जांभ्याची खडी सिमेंटमध्ये कालवून लोखंडी सांगाड्यावर थापली. आईबाप, मूल, कुत्रा, सगळं बिऱ्हाड कामाच्या शोधात निघालंय. कातडीच्या जागी जमिनीचाच खरखरीतपणा. तुळतुळीत दगडात हे कुटुंब परकं वाटलं असतं, असं मला ठाम वाटतं.

आणि तिथलेच चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. जन्मापासून दृष्टी अधू, एक डोळा निकामीच. १९४० मध्ये त्यांनी कलाभवनाच्या, म्हणजे शांतिनिकेतनातल्या कलाशाळेच्या, वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचा परिसर रंगवला. मध्यभागी तळं आणि सभोवती झाडं, माणसं, जनावरं. वर मान करून पाहायचं आणि खोलीभर फिरायचं, कारण वरची-खालची अशी एक बाजूच नाही. पुढे शस्त्रक्रियेनंतर होती तेवढीही नजर गेली, तरी काम चालूच राहिलं. माझा चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार मी आज केली नाही.

रविवार

गटाच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला बसलो आणि खटका उडाला. डोंगराच्या उजव्या अंगाला खाण सुरू झाली आहे. उभा कापलाय, आतली तांबडी माती उघडी पडली आहे. बरोबरच्या एका चित्रकाराने ती बाजू झाडीने झाकून टाकली. "आपण सुंदर तेच दाखवावं," असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग विजेच्या ताराही काढून टाकता का? तर म्हणाले, अर्थात!

चित्रकाराला काढघाल करायची मुभा आहे, हे मलाही मान्य. पण रोज डोळ्यांसमोर डोंगर झिजत असताना जुनाच डोंगर काढत राहायचं, याला माझा हात धजत नाही. फ्रेंच चित्रकार मोनेची गोष्ट सांगितली. १८९१ मध्ये तो एप्त नदीकाठचे पॉप्लर रंगवत होता आणि ती झाडं लाकडासाठी लिलावात निघाली. त्याने लाकूड-व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रं पुरी होईपर्यंत तोड थांबवून घेतली. म्हणजे आज संग्रहालयांत दिसणारे ते पॉप्लर उसन्या मुदतीवर उभे होते. "बघा, त्यानेही तुटलेली झाडं नाही काढली," हे यांचं उत्तर. मुद्दा बिनतोड नसला तरी मला लगेच तोड सुचली नाही. दोघांचीही चित्रं लावायची, शेजारी शेजारी, असं ठरवून आम्ही विषय संपवला. संपला कसला, चहा गार झाला म्हणून उठलो.

खाणीचा कापही नीट काढायचा तर अभ्यास हवाच. त्या तांबड्यासाठी लाइट रेड बरा की बर्न्ट सिएना, ते जागेवर बसल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी आठपर्यंत तिथे थेट ऊन असतं, आणि त्या वेळी यंत्रंही बंद असतात. आजोबांना विचारायचंय, पाणी मुरतं त्या खडकापासून काप किती लांब राहिला.