५जीचं चिन्ह दिसतं, मग व्हिडिओ का अडकतो?

आज मोबाइलच्या दुकानात दिवसभर हाच प्रश्न. लोकांचा राग रास्त आहे. रिचार्जचे पैसे आधी पूर्ण घेतले जातात, वेग मात्र मिळेल तेवढाच!

वेगवान ५जी चालतं रेडिओ लहरींच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात. या लहरी फार लांब जात नाहीत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि पत्रे तर त्यांना अडवतातच. म्हणून बेळगावजवळच्या खानापूर भागात अंगणात नेट पळतं आणि माजघरात बसतं. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घरात पोचतो, पण त्यावर वेग कमी. रेंज पूर्ण दिसूनही नेट रांगत असेल तर बहुधा टॉवरवर गर्दी असते, नाहीतर टॉवरपर्यंत फायबरची वेगवान केबल नसते. तिथे फोन बंद-चालू करून काही होत नाही.

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' बघा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते; उणे ९०च्या आसपास आकडा चांगला. उणे ११५, १२० दिसत असेल तर सरळ ४जीवर ठेवा, बॅटरीही वाचेल.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणी-कागल पट्ट्यात आणखी एक भानगड. फोन कधी पलीकडचा, महाराष्ट्र सर्कलचा (कंपनीच्या सेवा विभागाचा) टॉवर धरतो. तेव्हा डेटा रोमिंग (दुसऱ्या सर्कलमध्ये नेट वापरायची सेटिंग) बंद असेल तर रेंज असूनही नेट नाही. ते चालू करा.

कंपनीकडे तक्रार केलीत तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्याच. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट, मग आपला नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. आलेला कोड ४ दिवस चालतो.