राजमाचीचा चिखल आणि अडकलेला हब

गेल्या पावसाळ्यात राजमाचीला जाऊन आलो, म्हणजे जाता जाता वाचलो म्हणा. लोणावळ्यातून तुंगार्ली धरणावरून किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत १५-१६ किलोमीटरचा रस्ता, पावसात नुसता चिखल, दगड आणि मधे मधे ओढे. माझी जुनी जिप्सी आणि मागे मित्राची डिझेल जीप.

पहिल्याच खऱ्या चढाला मागची चाकं जागेवर फिरायला लागली. लिव्हर ४एच ला (चारही चाकांना ताकद), डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा पेटलेला, त्यामुळे मी निवांत. मित्र उतरून बघतो तर पुढची चाकं ढिम्म! तो दिवा फक्त ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) लिव्हर पडलाय एवढंच सांगतो, हब (पुढच्या चाकाच्या मधोमधचा, चाक ॲक्सलच्या शाफ्टला जोडणारा-सोडणारा डायलवाला भाग) लॉक झालाय का नाही हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार. उजवा हब लॉक होता, डावा डायल अर्ध्यात येऊन बसलेला. आणि एक हब जरी मोकळा राहिला तरी डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) तो मोकळा शाफ्टच गरागरा फिरवत बसतं, लॉक असलेल्या चाकालापण काही मिळत नाही, म्हणजे पुढचा ॲक्सल असून नसल्यासारखा.

चूक माझीच. दोन वर्षं गाडी घर-ऑफिस एवढीच फिरली, हबला हात लावला नव्हता आणि निघताना पण नुसतं फिरवलं, फिरले का ते बघितलं नाही.

मित्र पक्कड घेऊन आला, त्याला अडवलं. पकडीने डायल तुटतो, मग ना लॉक ना फ्री. आधी लिव्हर २एच ला (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणायचा, गाडी हातभर पुढे-मागे घ्यायची, आतले दात समोरासमोर आले की बऱ्याचदा हातानेच फिरतो. आमचा नाही फिरला. मग पट्टा लावून गाडी मागे सपाटीला ओढून घेतली आणि रेनकोट अंथरून कव्हर उघडलं.

आत जुनं ग्रीस चिक्कीसारखं कडक झालेलं (लोणावळ्याचाच परिणाम असेल) आणि त्यात गंज, कारण गॅस्केट (कव्हरखालचं पाणी अडवणारं पॅकिंग) फाटून पाणी गेलेलं. कव्हरमधली सरकणारी रिंगच जाम होती, तेवढी साफ केली असती तरी भागलं असतं, पण म्हणलं उघडलंच आहे तर मागची बॉडीपण काढू. सर्क्लिपची (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) पक्कड नव्हती, स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलो आणि सर्क्लिप टुणकन उडाली. २० मिनिटं दोघं गवतात ओणवे! सापडली मित्राच्याच टोपीत.

मित्राच्या कॅनमधल्या डिझेलने सगळं धुतलं, गंजावर पॉलिश पेपर मारला, फडक्याने कोरडं केलं. ग्रीस लावताना हात आखडता ठेवा, बोटाने पातळ थर बास. बेअरिंगसारखं ठासून भरलं तर रिंग त्यातच रुतते. डायल फ्रीवर ठेवून कव्हर बसवलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. जोर लावू नका, आटे जातात. गॅस्केट नव्हतं म्हणून सिलंट लावून वेळ मारून नेली.

उधेवाडीला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पिठलं-भाकरी जेवलो आणि राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर चढून धुक्यात काहीही न दिसता उतरलो.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या रविवारी घरीच पुढचं चाक जॅकवर घ्या, लिव्हर २एच ला, चाक हाताने फिरवा. लॉकवर ॲक्सलचा शाफ्ट सोबत फिरला पाहिजे, फ्रीवर नाही, दोन्ही बाजूंना बघा. सर्क्लिपची पक्कड, एक जादा सर्क्लिप आणि दोन गॅस्केट सोबत असू द्या. महिन्यातून एकदा हब लॉक करून १०-१५ किलोमीटर २एच मध्येच चालवा, जाम होत नाहीत. परत डांबरीवर आलात की लगेच २एच, मग मीटरभर रिव्हर्स घेऊन हब फ्री करा, ताण सुटलेला असतो.

दात झिजले असतील तर साफसफाईने काही होत नाही, नवीनच घ्या, पण ॲक्सलच्या स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा) मोजून जा. काही जण हब काढून कायमचे फ्लँज (चाक शाफ्टला पक्कं जोडणाऱ्या चकत्या) बसवतात, ते जाम व्हायचा प्रश्नच नाही पण पुढचे शाफ्ट कायम फिरत राहतात. मी अजून हबवरच आहे, गॅस्केट मात्र दुसऱ्याच दिवशी बदललं.